देवाचा अनुभव, प्रार्थना आणि कोरडे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. माहेरी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी आणि प्रार्थनासभेतल्या साक्षी, म्हणजे आपल्याला देव कसा भेटला ते चारचौघांत सांगणं; सासरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि सकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली उपासना. दोन्ही घरचं मीठ खाल्ल्यामुळे दोन्हीकडची माणसं मला हक्कानं प्रश्न विचारतात. महिन्यातून एकदा आमच्या घरी दहा-बारा जण प्रार्थनेला बसतात. तिथे, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुताना जे विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलंय. मी पाळक, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मगुरू, नाही, मठातली सिस्टरही नाही. शाळेत शिकवत होते, त्यामुळे काही उत्तरं लांबतात.

देवाचा अनुभव म्हणजे नेमकं काय? काही दिसतं का, ऐकू येतं का?

क्वचित. बहुतेकांना आयुष्यात एकदाही काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. बायबलमध्येसुद्धा देव दरवेळी गडगडाट करत येत नाही. एलीया हा संदेष्टा डोंगरावर उभा असतो. आधी खडक फोडणारा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी. या तिन्हींत देव नव्हता, असं शास्त्रच, म्हणजे बायबलच, सांगतं. त्यानंतर जे आलं ते इतकं हलकं होतं, की एलीयाला तोंडावर झगा ओढून गुहेच्या दाराशी यावं लागलं (१ राजे १९).

मला त्याहून जवळची वाटते ती लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली अम्माऊसची गोष्ट. दोन शिष्य खिन्न होऊन गावाकडे निघालेत, येशू त्यांच्या बरोबरीनं कितीतरी वाट चालतो आणि त्यांना तो ओळखूच येत नाही. घरी पोचल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा कुठे डोळे उघडतात. आणि तो दिसेनासा झाल्यावर ते एकमेकांना म्हणतात, वाटेत आपलं अंतःकरण आतून पेटलं नव्हतं का? म्हणजे पेटलं होतं तेव्हा कळलं नव्हतं. अनुभव बहुतेक वेळा असा मागाहून ओळखू येतो. म्हणून कुणी "मला अनुभवच नाही" म्हणालं, की मी आधी विचारते, गेल्या दोन वर्षांतला एखादा दिवस आठवतो का, ज्या दिवशी तू स्वतःच्या कुवतीपेक्षा जास्त धीरानं वागलीस?

मी जन्मानं ख्रिस्ती आहे. बाप्तिस्मा झाला, चर्च चुकवत नाही. तरी आत काही घडलेलं नाही. माझ्यात काही उणं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा. याला मी नेहमी पंडिता रमाबाईंची हकीकत सांगते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. संस्कृतात पारंगत, कोलकात्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेली ही बाई. कुणी फुसलावलं म्हणून धर्म बदलणाऱ्यातली नव्हती. तिनं वाचलं, तिथल्या मिशनरी भगिनींशी वाद घातले, काही शिकवणुकी साफ नाकारल्या आणि मगच पाऊल टाकलं. पुढे १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना ती म्हणते, की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी.

आठ वर्षं! आणि या आठ वर्षांत ती स्वस्थ बसली होती का? अमेरिकेत फिरली, बालविधवांसाठी पैसा उभा केला, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्याच वर्षी ते पुण्याला हलवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. हे सगळं 'अनुभवा'च्या आधीचं. त्यामुळे आत काही हलत नाही तोवर माझी सगळी सेवा पोकळ, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आणि दुसऱ्या बाजूनं, बाप्तिस्मा झाला म्हणजे संपलं सगळं, असं म्हणणाऱ्यांचाही येतो. रमाबाईंना दोन्ही कळलं होतं. धर्म सापडणं आणि देव भेटणं यांच्यामध्ये अंतर असू शकतं, आणि त्या अंतरात चालत राहिलेला माणूस वाट चुकलेला नसतो.

प्रार्थनासभेत लोक तारीख-वेळ सांगून साक्ष देतात. माझ्याकडे अशी तारीख नाही.

तारखा खऱ्या असतात. फ्रेंच गणिती पास्कालला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास जे झालं, ते त्यानं कागदावर उतरवलं. वर शब्द लिहिला, 'अग्नी'. तो लेख त्यानं कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. कुणाला बोलला नाही. १६६२ मध्ये तो वारल्यावर नोकराच्या हाताला अस्तरातला फुगवटा लागला, तेव्हा ते उघडकीस आलं. साक्ष देण्याची एवढी हौस असलेल्या आपल्या लोकांनी हे अस्तर जरा आठवावं, असं मला वाटतं.

पण तारखेविना होणारी वाटचालही तितकीच खरी. लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. पदरात दत्तू, माहेरचे-सासरचे धाय मोकलून रडतायत, काही वर्षं ताटातूट. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्याही सोवळं सांभाळत. वेगळी चूल, वेगळं पाणी. मग एक दिवस बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जन्मात, मरणात, हाडामांसात काही फरक नको होता का? त्या विचारासरशी त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. दृष्टान्त नाही, प्रकाश नाही. एका सोवळ्या बाईनं दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं, एवढंच. बाप्तिस्मा १९०० साली झाला, पण मला विचाराल तर त्यांची खरी भेट त्या पाण्यापाशी झाली होती.

प्रार्थनेला सुरुवात कशी करू? मला शब्दच सुचत नाहीत.

शब्द सुचायची गरज नाही. एक जागा ठरवा, एक वेळ ठरवा, पंधरा मिनिटं पुरेत. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, छोटासा प्रसंग घ्या. मार्कपासून सुरू केलंत तर बरं, सोळाच अध्याय आहेत आणि तो पाल्हाळ लावत नाही. एकदा नेहमीसारखं वाचा. दुसऱ्यांदा इतकं सावकाश, की शेजारच्याला वाटावं हिला वाचता येत नाही. जिथे एखादा शब्द अडकेल तिथे थांबा. पुढचं वाचायची घाई नको. त्या शब्दाबद्दल देवाशी घरच्या भाषेत बोला. ग्रंथी मराठी प्रार्थनेसाठी राखून ठेवायचं कारण नाही. माझ्या सासूबाई वसईकडच्या सामवेदी बोलीत बोलायच्या, तीही भांडणाच्या सुरात.

शेवटी दोन मिनिटं गप्प बसा. बस्स.

मन भरकटतं. डोळे मिटले की गॅसचा सिलिंडर, मुलाची फी, उद्याची भाजी.

सगळ्यांचं भरकटतं. ओढून आणा, परत जाईल, परत आणा. आणि तीच काळजी तीनदा आली तर ती व्यत्यय नसून आजची प्रार्थना आहे असं समजा. मुलाच्या फीबद्दलच बोला.

पूर्वी प्रार्थनेत इतकी गोडी होती! आता वर्ष झालं, सगळं कोरडं. देवानं सोडलं का मला?

इथे जरा बसून बोलू.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाची तेरेसा नावाची, कार्मेलाइट या कॅथलिक संघातली सिस्टर होऊन गेली (१५१५–१५८२). तिनं प्रार्थनेची तुलना बागेला पाणी घालण्याशी केली आणि पाण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या. पहिली, विहिरीतून बादलीनं शेंदून काढायचं: खांदे भरून येतात, पाणी थोडं. दुसरी, रहाटानं काढायचं: कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी, ओढ्याचं पाणी पाटानं आणायचं. चौथी, पाऊस. त्यात माळ्याचं काहीच कर्तृत्व नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या सासऱ्यांची वाडी दिसली. वसईत पूर्वी बावखलावर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, रहाट असायचे. बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पन्हाळीत ओतून रिकामी खाली जायची. मी लग्न होऊन आले तेव्हा रहाट बंद पडून पंप आला होता, पण लाकडी चाक गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. सासरे म्हणायचे, रहाट फिरतोय आणि गाडगी रिकामीच वर येतायत, असं उन्हाळ्यात व्हायचं. तेव्हा रहाट मोडायचा नसतो, बावखलातला गाळ काढायचा असतो. त्यांनी तेरेसाचं नावही ऐकलं नसावं.

तेरेसाही अगदी हेच विचारते: शेंदायला गेलं आणि विहीर कोरडीच निघाली तर? तिचं उत्तर असं, की माळ्यानं बादली सोडायचं काम सोडू नये. बाग मालकाची आहे, फुलं कशी जगवायची ते तो बघेल.

तिच्याच जोडीचा योहान, क्रूसाचा योहान म्हणून ओळखला जातो, त्याला त्याच्याच संघातल्या लोकांनी डिसेंबर १५७७ मध्ये तोलेदोला कोंडलं. जेमतेम माणूस मावेल अशी खोली. आठ-नऊ महिन्यांनी तो तिथून निसटला, आणि त्या अंधारात त्याला स्पॅनिश भाषेतल्या उत्तम कविता सुचल्या होत्या. कोरडेपणा देवाकडून आहे की आपल्या हलगर्जीपणातून, हे ओळखायच्या त्यानं खुणा दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण मग इतर कशातही नाही. मन लावून मनन करायला जावं तर जमत नाही. आणि आपण देवाला अंतरतोय की काय याची सतत टोचणी लागलेली आहे. ज्यानं खरंच देवाकडे पाठ फिरवली त्याला ही टोचणी लागत नाही. तुम्ही हा प्रश्न विचारताय, यातच अर्धं उत्तर आहे.

मदर तेरेसांचं उदाहरण तर आपल्याच देशातलं. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याची हाक आली. काम सुरू झालं आणि आतला दिवा मालवला. कित्येक दशकं तसाच. १९९७ ला त्या गेल्या, दहा वर्षांनी त्यांची पत्रं छापली गेली, तेव्हा जगाला कळलं. काही जणांना त्यात ढोंग दिसलं. मला दिसली ती रोज पहाटे उठून रिकाम्या विहिरीत बादली सोडणारी बाई.

माझ्यापुरतं सांगायचं तर भाऊ गेला त्यानंतर दीड-दोन वर्षं मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थनाच करता आली नाही. माहेरच्या वळणाप्रमाणे उत्स्फूर्त बोलायला जावं तर घशात अडकायचं. तेव्हा सासूबाईंची जपमाळ हातात घेतली. तिचा एक मणी कधीतरी गळून पडलेला, तिथे त्यांनी काळ्या दोऱ्याची गाठ मारलेली. बोटं त्या गाठीवर आली की मी थांबायचे, कारण तिथे मणी नव्हता आणि म्हणायला प्रार्थनाही नव्हती. ती गाठ मला पुष्कळ झाली.

व्यवहाराचे दोन नियम जेजुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचे, ते पाठच करा. कोरड्या दिवसांत आधी घेतलेला कुठलाही मोठा निर्णय बदलायचा नाही. आणि ठरवलेल्या वेळेपेक्षा कमी बसायचा मोह झाला, की मुद्दाम थोडं जास्त बसायचं.

हा आध्यात्मिक कोरडेपणा आहे की डिप्रेशन, हे कसं कळणार?

झोप उडाली, जेवण जात नाही, अंघोळ करणंही डोंगर वाटतं, जगू नये असं मनात येतं, तर डॉक्टरांकडे जा. आज जा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. औषध घेणं हा विश्वासाचा कमकुवतपणा आहे असं सांगणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा दूतानं आधी त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला घातलं. उपदेश पुढे डोंगरावर.

हे देवानं सुचवलं की माझ्याच मनाचे खेळ?

१५२१ च्या मे महिन्यात पांपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं इग्नेशियसचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात खाटेवर पडून त्यानं शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं, एवढंच मिळालं. मग तो कधी तासन्‌तास एका उच्चकुलीन बाईची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जायची. दोन्हींत मजा यायची. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की पहिलं स्वप्न सरल्यावर मन रुक्ष होतं आणि दुसरं सरल्यावरही प्रसन्न राहतं. गोष्ट इतकी साधी. विचार येताना कसा वाटतो यावर जाऊ नका, गेल्यावर जिभेवर कोणती चव ठेवून जातो ते पाहा.

दुसरी कसोटी शास्त्राची: प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असं बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. आणि पौलानं गलतीकरांना लिहिलेली आत्म्याच्या फळांची यादी: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे. फळ पिकायला वेळ लागतो, त्यामुळे निकाल त्याच दिवशी मागू नका.

तिसरी कसोटी माझी. 'देवानं सुचवलेलं' दरवेळी अगदी आपल्या मनासारखंच निघत असेल, तर संशय घ्यावा.

एक जण म्हणतात, "देवानं मला तुझ्याबद्दल सांगितलंय." ऐकावं का?

ऐकून घ्या, पण जबाबदारी त्यांची नाही, तुमची आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं लग्न असल्याच 'प्रकटीकरणा'वर ठरलं आणि वर्षभरात ती माहेरी परतली. सांगणाऱ्या माणसाला त्यानंतर देवानं काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. लग्न, नोकरी, औषध बंद करणं आणि पैसा या चार बाबतींत कुणाच्याही निरोपावर पाऊल उचलू नका. निरोप पैशाचा असेल तर तो ऐकून घ्यायचीही गरज नाही.

थरथरणं, रडणं, अन्य भाषांत (प्रार्थनेच्या भरात, न शिकलेल्या भाषांत) बोलणं, हे खरं असतं का? मला होत नाही.

महाराष्ट्रानं हे फार पूर्वी पाहिलंय. पुण्याजवळ केडगावला रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी १९०५ च्या सुरुवातीला रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली, सुमारे ७० जणी आल्या, संख्या वाढत गेली. जूनच्या अखेरीस एका पहाटे वसतिगृहातली एक मुलगी जागी झाली आणि आपल्यावर अग्नी उतरलाय असं तिला वाटलं. त्या वेळच्या वृत्तान्तात असं आहे, की शेजारी झोपलेलीला ती पेटलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तेवढ्यात कळलं की काहीच जळत नाहीये. ती बादली मला फार आवडते. मैत्रीण पेटली तर आधी पाणी आणावं, हे त्या मुलीला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे तिथे मुली रडल्या, पापं कबूल केली, काही अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी हे दडपलं नाही. पण अन्य भाषा हे पवित्र आत्म्याचं एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे असं मानायला शास्त्रात आधार नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी दळण, विणकाम, छापखाना, दुष्काळातून आणलेल्या मुलींची शुश्रूषा, सगळं होतंच. तुम्हाला असं काही होत नसेल तर तुम्ही मागे पडलेला नाही.

तुकारामाचे अभंग म्हटले तर चालतात का? फादर रागावतील.

माझ्या माहितीतले फादर तरी रागावत नाहीत. टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशानं नवा करार दिला, ते वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढे त्यांना हलवेना. पण त्या प्रवचनापर्यंतची वाट मनात आधीच तयार होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण जी गाणी गातो त्यातली शेकडो त्यांची, अभंग-ओवीच्या चालीत. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूनं ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहून गोव्यात छापली. त्यामुळे ओवी आपल्याकडे पाहुणी नाही.

नोकरी, लोकल, घर. एकांत कुठून आणू?

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड. तरी भांडी-पातेल्यांच्या खडखडाटातही त्याला देवाशी तसंच बोलता येई, जसं प्रार्थनामंदिरात गुडघे टेकून. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्यांनी त्याला आपला संत मानायला हरकत नाही, जरी चर्चनं त्याला तसं घोषित केलेलं नसलं तरी.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवसाची उजळणी करा. आज कशाबद्दल उपकार मानावेत? कुठे जीव मोकळा झाला, कुठे आखडला? उद्या कोणाची माफी मागायची आहे? मी हे कुकरच्या शिट्या मोजतानाही केलंय. एकदा भात करपला.

रिट्रीटला (प्रार्थनेच्या एकांतवासाला) जावं का? तिथे काय करतात?

जमलं तर जरूर जा. इग्नेशियसची मूळ साधना तीस दिवसांची आहे, पण आठ दिवसांची किंवा शनिवार-रविवारचीही होते. मौन असतं, दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी बोलणं. पहिले दोन दिवस फक्त झोप येते. लाज वाटून घेऊ नका, झोपा. फोन घरी ठेवा. 'सायलेंटवर ठेवते' म्हणणारी मीच पहिल्या रिट्रीटमध्ये बाथरूममध्ये निरोप वाचत होते.

मी ख्रिस्ती नाही. तरी येशूची प्रार्थना करू शकते का?

करा. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले आणि तो दरबार त्यांच्या मनासारखा उभा राहायचा राहिला. आमच्या घरी मात्र दोघी जणी वर्षानुवर्षं येतात. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र, पर्समध्ये गजानन महाराजांचा फोटो आणि नव्या कराराची छोटी प्रत. तिला कुणी काही विचारत नाही. चहा तीच करते.

सुरुवातीला नेमका कोणता उतारा घेऊ?

मार्क, अध्याय १०, वचनं ४६ ते ५२. यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तीमय ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो आणखी ओरडतो. येशू त्याला बोलावतो आणि जे उघड दिसतंय तेच विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? वाचून झालं की हा प्रश्न तुम्हालाच विचारलाय असं समजून उत्तर वहीत लिहा. पेन्सिलीनं लिहा. महिन्याभरानं परत काढलंत की बहुधा खोडून दुसरं लिहावं लागतं.